इंगळ्यांच्या छतावरचा मांडव

माधवगंजात कोणाच्या सुनेनं काय केलं हे तिच्या सासऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. कृष्णराव इंगळ्यांनाही ते चहाच्या टपरीवर कळलं, आणि तेही दौलतसिंहांकडून. दौलतसिंह समोरच्याच घरात राहायचे. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळी फिरून येताना गल्लीची सगळी खबर गोळा करायची आणि टपरीवर वाटून टाकायची, हा त्यांचा नेम होता.

"भाईसाहब, आपकी बहू को देखा मंदिर के पीछे," हातातला मातीचा कुल्हड फिरवत ते म्हणाले. "पीपल के पत्ते बोरी में भर रही थीं. हमने कहा, बेटी, ये तो कचरा है, सफाईवाले जला देंगे. बोलीं, इसीलिए तो ले जा रही हूँ."

कृष्णरावांनी कुल्हड तसाच खाली ठेवला. इंगळ्यांचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, ते इथेच राहिले. तलवारी कधीच गेल्या, पण ताठ मान घराण्यात टिकून होती. स्वतः कृष्णराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. शहराच्या अख्ख्या लश्कर भागात निम्म्या लोकांनी छत घालताना त्यांचा सल्ला घेतला होता. आणि आता त्यांची सून स्कूटरच्या पायदानावर पाल्याचं पोतं ठेवून माधवगंजातून जात होती.

ते तरातरा घरी आले. हेमांगी शाळेत निघून गेली होती. ती एका खाजगी शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवायची. नवरा, म्हणजे कृष्णरावांचा मुलगा सौरव, गुडगावला नोकरीला होता आणि पंधरवड्यातून एकदा यायचा. त्यामुळे घरात सासू, सासरा आणि सून अशी तीनच माणसं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासरा आणि सून यांच्यातलं बोलणं "चहा ठेवलाय" आणि "गॅसवाला येऊन गेला" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. भांडण मुळीच नव्हतं. बोलायला विषयच नव्हता.

पोतं जिन्याखाली सापडलं. त्याच्या शेजारी गेल्या उन्हाळ्यातले पाण्याचे माठ एकावर एक रचून ठेवलेले होते. हे माठ कृष्णराव रोज येताजाता बघत, आणि बायकोला जुन्या वस्तू टाकवत नाहीत म्हणून मनात चरफडत. आज पहिल्यांदा त्यांनी जवळून पाहिलं. माठांना भोकं पाडली होती. वरच्या माठावरचं झाकण त्यांनी नाक दाबूनच उचललं. आत भाज्यांची सालं होती, त्यावर वाळका पाला पसरलेला होता. नाक सोडून पाहिलं तर घाण वास असा नव्हताच. खालच्या माठात काळी, भुसभुशीत माती होती. बाजूच्या खिडकीत टपरीवरचेच कुल्हड ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकातून दोन-दोन जाड हिरवी पानं वर आली होती.

"दिवाळीपासून चाललंय ते," मागून विजयाबाई म्हणाल्या. "तुम्ही जिन्याखाली कधी बघता?"

"हे काय लावून राहिली आहे ती?"

"लौकी. तिला छतावर दुधीचा मांडव घालायचाय. तुमच्याशी बोलायला घाबरते."

छताचं नाव निघालं आणि कृष्णरावांना पाल्याच्या पोत्याचा विसर पडला.

हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. लोखंड कुठे किती, सिमेंट कोणत्या दिवशी ओतलं, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या स्लॅबवर पापडसुद्धा वाळत घालायचे तर आधी चटई अंथरायची, असा त्यांचा दंडक होता. नोकरीभर त्यांनी लोकांच्या छतांत मुरलेलं पाणी पाहिलं होतं, आणि सीलन, म्हणजे ओल, हा शब्द ते एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा उच्चारायचे.

रात्रीच्या जेवणाला त्यांनीच विषय काढला. "हेमांगी, छतावर झाडं लावायची म्हणतेस असं ऐकलं. ते होणार नाही. पाणी मुरलं की लोखंड गंजतं. शिवाय वरच्या खोलीला एसी बसवायचाय, त्याचं मशीन कुठे ठेवू?"

हेमांगीनं घास खाली ठेवला. ती हळू बोलायची, पण शिक्षिका असल्यामुळे सुरू केलेलं वाक्य पुरं करायची. "बाबा, एसी आपल्या खोलीतली गरमी उचलून बाहेर टाकतो. ती जाणार शेजारच्या उषाताईंच्या खिडकीत. आणि मे महिन्यात दुपारी लाइटच जाते, तेव्हा एसी काय कामाचा? छत तापायच्या आधीच त्यावर सावली केली तर गरमी आत येणारच नाही. मला हा एक उन्हाळा द्या. नाही जमलं तर सगळं मीच उतरवून ठेवीन."

"आणि पाणी?"

"मुरू देणार नाही."

"कसं?"

हेमांगी ताटातला भात कालवू लागली. कृष्णराव समाधानानं ताक प्यायले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर विजयाबाई छताकडे बघत म्हणाल्या, "आपली खालची खोली सौरवच्या लग्नानंतर आपण त्यांना दिली आणि आपण वर आलो. गेल्या मे महिन्यात मला दुपारी चक्कर आली होती, आठवतंय? त्या दिवसापासून तिच्या मनाला लागून राहिलंय. मला म्हणाली, माझ्यामुळे तुम्ही भट्टीत राहता. मी किती समजावलं, पण ऐकत नाही."

 दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि हेमांगी वर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा सासरे खडू घेऊन स्लॅबवर उकिडवे बसलेले होते. त्यांनी तीन लांब रेघा मारल्या होत्या.

"खाली बीम इथून जातात," ते वर न बघता म्हणाले. "वजन ठेवायचं ते या रेघांवर आणि भिंतींच्या कडेला. मध्ये एक कुंडीसुद्धा नको. कुंडीखाली विटा पाहिजेत, म्हणजे पाणी साचणार नाही, नालीकडे जाईल. आणि माती किती जड असेल?"

"माती थोडीच, बाबा. निम्मं खत, बाकी भाताची तुसं आणि नारळाचा भुसा. हलकं होतं, आणि ओल धरून ठेवतं."

"हं," कृष्णराव म्हणाले. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी त्यांना कामाचं सांगत होतं आणि विचारतही होतं.

मग त्यांना थांबवणं कोणालाच शक्य नव्हतं. स्लॅबला भोक पाडायचं नाही, ही त्यांची अट. म्हणून रंगाचे जुने डबे गोळा करून त्यात काँक्रीट ओतलं आणि त्यात लोखंडी पाइप उभे केले. नया बाजारातल्या एका दुकानाची जुनी शामियान्याची चौकट भंगारात निघाली होती, ती त्यांनी हातगाडीवर घालून आणली. वर सुतळीची जाळी विणली ती विजयाबाईंनी. उघड्या राहिलेल्या छताला चुना फासला. कुंड्या म्हणून फाटक्या कूलरच्या टाक्या आणि तेलाचे पिंप होते. नवीन असं जवळजवळ काहीच आणावं लागलं नाही, आणि याचा कृष्णरावांना एवढा अभिमान वाटला की टपरीवर त्यांनी दौलतसिंहांना चौकटीचा नकाशाच काढून दाखवला.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा होता. मार्च सरता सरता नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बादलीत जमा करून वर नेलं तरी पुरेना. कुंडीतल्या मातीवर हेमांगीनं पिंपळपानांचा जाड थर पसरला, त्यामुळे ओल बरीच टिकली, तरी दुपारी वेलांच्या माना पडत. तेव्हा विजयाबाईंना एक सुचलं.

"वैशाखात पिंडीवर गळती नाही का लावत?" त्या म्हणाल्या. "एकदा भरून ठेवली की दिवसभर थेंब थेंब. तशी लावा."

हेमांगीनं लगेच चपला घातल्या. मग दोघी मिळून कुंभाराकडून कच्च्या भाजणीची लहान मडकी घेऊन आल्या आणि ती वेलांच्या मुळांपाशी गळ्यापर्यंत पुरली. सकाळी मडकं भरायचं, वर झाकण ठेवायचं. मातीला तहान लागेल तसं ती मडक्यातून पाणी ओढून घ्यायची. वरून वाहून जाणं नाही, उन्हात उडून जाणं नाही. कृष्णरावांना सगळ्यात आवडलं ते हे, की स्लॅबवर थेंब पडत नव्हता. ते रोज संध्याकाळी विटांच्या खाली हात घालून बघत आणि कोरडा हात बायकोला दाखवत.

एप्रिलच्या मध्यावर मांडव भरला. दुधीची पानं हातभर रुंद झाली, आणि जाळीतून खाली हिरवा उजेड उतरू लागला. माकडांची एक टोळी चौकशीला येऊन गेली. त्यांनी कोवळी पानं तोडून पाहिली, एक लहान दुधी चावून दौलतसिंहांच्या अंगणात फेकला. तेव्हा हेमांगीनं कठड्याच्या बाजूनं कारली लावली आणि कोपऱ्यात पुदिना. कारलं चाखल्यावर म्होरक्या माकडानं जे तोंड केलं ते विजयाबाई पुढे महिनाभर नक्कल करून दाखवत असत.

नंतर वेलांवर तांबडे भुंगे आले.

लहानसे, चकचकीत, नखाएवढे. दोन दिवसांत पानांची चाळण झाली. हेमांगी पहाटे उठून, भुंगे गारव्यानं सुस्त असतात तेव्हा, हातांनी वेचून साबणाच्या पाण्यात टाकायची, पानांवर राख भुरभुरायची, संध्याकाळी निंबोळीचं तेल फवारायची. कमी होत होते, पण हळूहळू. कृष्णरावांना 'हळूहळू' हा प्रकार सोसवत नसे. एक दिवस ती शाळेत गेल्यावर ते बाजारातून औषधाची बाटली घेऊन आले आणि भर सकाळी सगळा मांडव धुऊन काढला.

रात्री जेवताना त्यांनी आनंदानं सांगितलं, "तुझे भुंगे संपले. एका फवाऱ्यात."

हेमांगीनं बाटली मागितली. लेबल वाचलं. मग जेवण तसंच ठेवून ती वर गेली. कृष्णराव मागोमाग गेले. दिव्याच्या उजेडात ती मांडवाखाली खाली बघत उभी होती. पांढऱ्या चुन्यावर भुंगे मरून पडले होते, आणि त्यांच्याबरोबर मधमाश्या. पतंगही होते दोन-तीन, फिकट पंखांचे.

ती चिडली असती तर कृष्णरावांना उत्तर देता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "आता काही दिवस इथलं काही खायचं नाही, बाबा. लागलेल्या लौक्या काढून टाकू." आणि ती एकेक कोवळा दुधी खुडून टोपलीत टाकू लागली. कृष्णराव टोपली धरून उभे राहिले. 

त्यानंतर वेल वाढत राहिले, फुलत राहिले, पण फळ धरेना. फुलामागे बोटाएवढा दुधी यायचा, दोन दिवसांत पिवळा पडायचा आणि गळून जायचा. कृष्णराव रोज सकाळी ते पिवळे दुधी वेचायचे. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी विचारलंच, "हे माझ्या औषधामुळे का?"

"थोडं उन्हामुळेही असेल," हेमांगी म्हणाली. "पण मधमाश्या राहिल्या नाहीत हे खरं. इकडे या, दाखवते."

तिनं दोन फुलं दाखवली. दोन्ही पांढरी, दिवेलागणीला उमललेली. एकाचा देठ लांब आणि सडसडीत, दुसऱ्याच्या मागे इवलासा दुधी. "हे नर, हे मादी. याचे पराग तिच्यापर्यंत कोणीतरी न्यायला पाहिजेत. वाऱ्यानं होत नाही. ते काम पतंग आणि मधमाश्या करतात. त्या नसल्या तर..."

"तर?"

"तर आपण करायचं." तिनं नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाला हलकेच टेकवून फिरवला. "झालं."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज, याच वेळेला."

कृष्णरावांनी चष्मा पुसला. "उद्यापासून हे माझ्याकडे," ते म्हणाले.

आणि खरोखरच त्यांनी ते अंगावर घेतलं. संध्याकाळची टपरी सुटली. दिवे लागायच्या सुमाराला आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते वर जात आणि फुलाफुलाशी वाकून उभे राहत. ज्या फुलाचं काम झालं त्याच्या देठाला लाल दोरा बांधत, म्हणजे चुकामूक नको. पलीकडच्या छतावरून उषाताई बघायच्या. त्यांनी एकदा विजयाबाईंना विचारलं, "भाऊसाहेब रोज काय पूजा करून राहिलेत?"

"लग्नं लावतायत," विजयाबाई म्हणाल्या. "मला चाळीस वर्षांत एक गजरा आणला नाही, आणि आता लौकीची लग्नं लावतायत. लाल दोरा बांधून."

उषाताई हसता हसता कठड्याला धरून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी विजयाबाईंच्या उशीशी मोगऱ्याचा गजरा होता. विजयाबाईंनी तो माळून देवळात जाऊन यायचं काम काढलं.

लाल दोऱ्यांचे दुधी धरले. आठवड्याभरात ते खाली लोंबू लागले, लुसलुशीत, पोपटी. भुंगे परत आलेच, आणि या खेपेला पहाटे वेचायला सासरा आणि सून दोघं असत. वेचता वेचता बोलणं व्हायचं. हेमांगीनं त्यांना सांगितलं की तिच्या माहेरी दतियाला विहीर होती, ती आटल्यावर बागही गेली. कृष्णरावांनी सांगितलं की त्यांना लहानपणी गणिताची भीती वाटायची, आणि ही गोष्ट त्यांनी सौरवलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

मे महिन्यात भर दुपारी कृष्णरावांनी स्वतःची परीक्षा घेतली. अनवाणी पायांनी मांडवाबाहेर पाऊल ठेवलं आणि उडी मारूनच मागे आले. मांडवाखाली मात्र ते आरामात उभे राहू शकले. मांडवाखालच्या खोलीत विजयाबाई वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर गाढ झोपल्या होत्या. दुपारी त्या अशा झोपू शकतात हेच त्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात त्या पदर ओला करून नुसत्या बसून असायच्या.  त्यांनी आवाज न करता दार ओढून घेतलं.

आंधी आली ती महिनाअखेरीस, संध्याकाळी. सौरव त्या दिवशी सुट्टीवर आलेला होता. आधी हवा अगदी थांबली, मग पश्चिमेकडून आभाळ गेरूसारखं झालं आणि टेकडीवरचा किल्ला दिसेनासा झाला. कृष्णरावांनी ते पाहिलं आणि जिन्याकडे धाव घेतली.

"बाबा, कहाँ जा रहे हो? आंधी आ रही है," सौरव ओरडला.

"म्हणूनच," कृष्णराव वरून म्हणाले.

हेमांगी त्यांच्या मागोमाग पोहोचली तेव्हा वर श्वास घेता येत नव्हता. धूळ, पाला, कोणाच्या तरी चादरी, सगळं छतांवरून उडत होतं. मांडव कुरकुरत होता. पानांनी गच्च भरलेली जाळी वाऱ्यानं शिडासारखी फुगली, कोपऱ्यातली तार तुटली आणि काँक्रीटचा डबा स्लॅबवरून घासत सरकला. कृष्णरावांनी त्या पाइपाला मिठी मारली. मागून वर आलेल्या सौरवनं दुसरा पाइप धरला.

"हेमांगी, जाळी काप," कृष्णराव म्हणाले. "पश्चिमेची पूर्ण बाजू. वारा आरपार जाऊ दे."

तिच्या हातात कात्री होती, पण हात थांबला. पश्चिमेचा वेल सगळ्यात पहिला लावलेला, सगळ्यात मोठा. लाल दोरे सर्वांत जास्त त्याच्यावरच होते.

"बाबा, तुमची इतकी मेहनत आहे त्यात."

"चौकट गेली तर सगळंच जाईल, आणि कोणाच्या डोक्यात पडेल. काप, बाळा."

तिनं कापलं. जाळी सुटली, फडफडत कठड्यावर जाऊन पडली, तिच्याबरोबर वेलही गेला, आणि मांडव एकदम शांत झाला. वारा मधून वाहत निघून गेला. तिघं तिथेच पाइप धरून खाली बसले. थोड्या वेळानं आंधी सरली, चार जाड थेंब पडले आणि तेवढ्यावरच पाऊस निघून गेला. सौरवच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. त्यानं बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तुम दोनों सच में पागल हो," तो म्हणाला, आणि कृष्णरावांना एवढं हसू आलं की त्यांना ठसकाच लागला.

सकाळी गल्लीत दोन पत्रे आणि एक पाण्याची टाकी पडलेली होती. इंगळ्यांच्या छतावर चौकट जागच्या जागी उभी होती. कापलेल्या वेलाचं कमरेएवढं बुडखं उरलं होतं. कृष्णरावांनी त्याच्या मडक्यात पाणी भरलं तेव्हा त्यांना कसंसंच वाटत होतं.

पण दुधीचा वेल असा असतो की शेंडा खुडला की तो बाजूनं फुटतो. आठ-दहा दिवसांत त्या बुडख्यातून इतके फुटवे निघाले की जाळी पुन्हा विणावी लागली. आणि त्या नव्या फांद्यांवर मादी फुलंच जास्त. हेमांगी म्हणाली, "पुस्तकात वाचलं होतं मी, पण स्वतःच्या हातानं कापायची हिंमत कधीच झाली नसती."

जूनमध्ये दुधी आवरेनासे झाले. थालीपीठ झालं, कोफ्ते झाले, हलवा झाला, सालींची चटणी झाली, वड्या घालून भाजी झाली. सौरव सुट्टीवर आला की ताटाकडे बघून "फिर लौकी?" असं विचारायचा आणि जाताना दोन घेऊन जायचा. उषाताईंकडे दुधी जायचे आणि लिंबाचं लोणचं यायचं. दौलतसिंहांनी पहिल्या तीन खेपांना हात जोडून स्वीकारले. चौथ्या खेपेला कृष्णराव येताना दिसले तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर ते स्वतःच शेजारी येऊन बसले.

"भाईसाहब, लौकी मत दीजिए," ते म्हणाले. "एक बार हमारी छत देख लीजिए. बीम कहाँ से जा रही है, हमें तो पता ही नहीं."

एका संध्याकाळी कृष्णराव नेहमीप्रमाणे फुलांपाशी वाकले तर त्यांच्या आधीच तिथे कोणीतरी हजर होतं. फिकट पंखांचा एक पतंग फुलासमोर हवेत थरथरत होता, मग पुढच्या फुलाकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. कृष्णराव हात मागे घेऊन उभे राहिले.  पतंग सगळा मांडव हिंडून निघून गेल्यावर ते खाली आले आणि म्हणाले, "आजपासून माझी सुट्टी. ज्याचं काम त्यानं हातात घेतलंय."

शाळा उघडल्या. आषाढातल्या एका शनिवारी हेमांगी म्हणाली, "बाबा, आज माझ्याबरोबर शाळेत येता का? मुलांना छतावर भाज्या लावायच्यात. मुख्याध्यापिका म्हणतात, आधी छत कोणीतरी तपासून द्या."

कृष्णरावांनी इस्त्रीचा सदरा घातला, मापाची पट्टी खिशात टाकली आणि सुनेच्या स्कूटरवर मागे बसले. माधवगंजातून जाताना त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला मान लववली.

शाळेच्या छतावर पंचवीस-तीस मुलं वाट बघत होती. मुख्याध्यापिका गरिमा मॅडम पुढे आल्या आणि हेमांगीनं ओळख करून दिली. "मैडम, पौधे मैंने लगाए थे. मंडप बाबा ने खड़ा किया, और आंधी में बचाया भी इन्होंने ही."

कृष्णरावांचे कान लाल झाले. नोकरीत त्यांना बदलीचे कागद मिळाले होते, ताशेरे मिळाले होते, निवृत्तीला शाल-नारळ मिळाला होता. असं कोणी चार लोकांत सांगितलं नव्हतं. ते काहीतरी बोलायचं म्हणून घसा साफ करू लागले, तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, "अंकल, यहाँ बीच में टमाटर लगा दें?"

"बीच में कुछ नहीं," कृष्णराव म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि बोटाच्या पेरानं स्लॅब ठोकायला सुरुवात केली. "पहले सब लोग चुप रहो, और कान लगाकर सुनो. बीम कहाँ है, छत खुद बताएगी."

मुलं त्यांच्याभोवती गोल करून उकिडवी बसली. हेमांगीनं पर्समधून खडू काढून त्यांच्या हातात दिला.